अण्णांचा संग्रह आणि लिरियन: दीड वर्ष वापरल्यावर

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वहीत कॅसेटची नावं नाहीत. लांब, लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही, आणि आत शाईने आखलेले रकाने: राग, कोण गायलं, चीज म्हणजे बंदिश, ताल, मिनिटं, कुठून मिळालं. प्रत्येक रागाला वेगळं पान. भूपाच्या पानावर बावीस नोंदी, मारव्याच्या पानावर नऊ. "आज मारवा ऐकू या" म्हटलं की ते वही उघडायचे, बोट फिरवायचे आणि कपाटातून नेमकी कॅसेट काढायचे. आल्बम, कंपनी, कव्हर यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

ते गेले, आणि मागे राहिल्या अकराशे पन्नास सीडी, सहाशे वीस कॅसेट, दोनशेवर एलपी आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या नव्वदएक जुन्या तबकड्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. लग्नाआधी ती गाणं शिकलेली, कान अजून तल्लख, पण कॅसेट डेकची बटणं तिला दाबवत नाहीत आणि सीडीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. हे सगळं एका जागी आणायचं आणि आईला एका बोटाने लावता आलं पाहिजे, एवढंच ठरवून मी शोधायला लागले. शेवटी थांबले ती लिरियन या, घरातला संग्रह शोधून वाजवणाऱ्या, सॉफ्टवेअरवर. मोठा संग्रह घरात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. आमचा संग्रह बहुतेक शास्त्रीय, थोडं नाट्यसंगीत आणि भावगीतं. हिंदी सिनेसंगीत किंवा पाश्चात्त्य संगीत असणाऱ्यांची गणितं थोडी वेगळी पडतील.

आधी एक चूक सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मी सुरुवात स्पीकरपासून केली. पुण्यातल्या एका दुकानात नावाजलेल्या कंपनीचा वायरलेस स्पीकर ऐकवला गेला, दणदणीत वाजला, आणि मी घेऊन आले. घरी एक ख्याल लावला. सीडीवर विलंबित (संथ भाग) आणि द्रुत (जलद भाग) हे दोन वेगळे ट्रॅक असतात, पण गाणं सलग असतं, तंबोरा मध्ये कुठेच थांबत नाही. या स्पीकरवर विलंबित संपलं आणि तंबोरा तुटला. अर्धा सेकंद ठार शांतता, मग द्रुत. आईने मान वर केली आणि विचारलं, "दिवे गेले का गं?" दुसऱ्या रागाला तेच, तिसऱ्याला तेच. मी तो स्पीकर भाच्याला देऊन टाकला.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एमपी३ मध्ये आवाज ठरावीक तुकड्यांत बांधला जातो, प्रत्येक तुकडा ११५२ नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप), म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाणं त्या मापात नेमकं बसत नाही, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी शांतता भरली जाते. फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता आवाज दाबून ठेवणाऱ्या फाइलीत, तसं होत नाही, जेवढे नमुने सीडीवर तेवढेच फाइलीत. पण फाइल चांगली असून भागत नाही. वाजवणाऱ्या यंत्राने पहिला ट्रॅक संपायच्या आधीच दुसरा आणून तयार ठेवावा लागतो. दुकानात जाल तेव्हा विलंबिताची शेवटची दहा सेकंदं आणि द्रुताची पहिली दहा लावायला सांगा, तेवढ्यात निकाल लागतो. मी पुढे सगळीकडे हेच केलं.

मग मी उलट्या बाजूने विचार केला. आधी हे ठरवायचं की आपण संगीत शोधतो कसं. त्याला जुळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि स्पीकर शेवटी. आम्ही शोधतो रागावरून आणि वेळेवरून. सकाळी आठ वाजता कोणी "अमक्याचा तमका आल्बम लाव" म्हणत नाही, "तोडी लाव" म्हणतं.

रून नावाचं एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे, २०१५ पासूनचं. २०२३ मध्ये ते हरमन या कंपनीने विकत घेतलं. दिसायला फार सुंदर. कलाकाराची माहिती, कोणाबरोबर वाजवलं, आणखी कुठे वाजवलं, असं एकातून एक उघडत जातं. ज्यांच्याकडे विकत घेतलेल्या सीडीच जास्त आहेत आणि खर्च झेपतो त्यांनी ते जरूर बघावं. पण खर्च डॉलरमध्ये आहे, महिन्याला पंधराच्या आसपास किंवा कायमचं घ्यायचं तर एकदम आठशेच्या वर, आणि ते चालवायला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. आमची अडचण मात्र वेगळी होती. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. तिथे अण्णा पुढे बसून टेप करायचे. आकाशवाणी सांगलीवरून धरलेल्या कॅसेटही पुष्कळ आहेत. अशा ध्वनिमुद्रणांची माहिती कुठल्याच ऑनलाइन कोशात मिळणार नाही. ती फक्त लाल वहीत आहे. मला ती वही आत घालता येईल असं काहीतरी हवं होतं.

भाच्याने लिरियन म्युझिक सर्व्हर सुचवलं. हे फुकट आहे, पण मला त्यातली जास्त महत्त्वाची वाटली ती त्याची हकिकत. २००१ साली स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने घरातल्या संगणकावरची गाणी दिवाणखान्यात वाजवणारं यंत्र काढलं. पुढे त्याचं नाव स्क्वीझबॉक्स झालं. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये ही यंत्रं काढणं बंद केलं. एरवी तिथेच सगळं संपलं असतं. पण आतलं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं होतं, आणि वापरणाऱ्यांनीच ते पुढे चालू ठेवलं. २०२४ पासून त्याचं नाव लिरियन. सहाशे कॅसेट भरण्यात माझं वर्ष जाणार होतं. ते ज्या घरात भरायचं त्याची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात नको, एवढी गोष्ट मला पुरली.

आता आमची मांडणी. रास्पबेरी पाय ४, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्यावर पायकोअरप्लेअर, म्हणजे लिरियन आणि वाजवणारा स्क्वीझलाइट हे दोन्ही चालवायची तयार व्यवस्था. एक टीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, कारण तिचा आवाज येत नाही. टॉपिंग कंपनीचा छोटा यूएसबी डॅक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा ॲम्प्लिफायरला समजेल असा आवाज करणारी डबी. अण्णांचाच जुना ॲम्प्लिफायर. आणि व्हार्फडेल डायमंड १२.१ चे दोन स्पीकर. स्पीकर धरून पन्नास हजारांच्या आत बसलं, त्यातले निम्मे स्पीकरचेच. पायकोअरप्लेअर पूर्णपणे मेमरीत चालतं, कार्डावर सारखं लिहीत बसत नाही. त्यामुळे अचानक वीज गेली तरी कार्ड बिघडायची भीती फार कमी. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तीनदा दिवे जातात, दिवे आले की यंत्र आपोआप सुरू होऊन तयार. डिस्कसकट ते सहाएक वॅट घेतं, चोवीस तास चालू ठेवलं तरी महिन्याला चार-साडेचार युनिट. फक्त वीज देणारा ॲडॅप्टर रास्पबेरी पायसाठीचा, तीन अँपिअरचाच घ्या. मी घरातला मोबाइलचा चार्जर लावला होता, डिस्क मधूनच गायब व्हायची आणि आठवडाभर मी दोष डिस्कला देत होते.

जागेचं गणित सरळ आहे. सीडीचा एक तास म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, डावी-उजवी अशा दोन बाजू, सोळा बिट, मिळून सव्वासहाशे एमबीच्या वर. फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो. कॅसेट तेवढी आकसत नाही, कारण खरखर ही खरीखुरी अनियमित असते आणि अनियमित गोष्ट दाबता येत नाही, ती चारशेच्या आसपास राहते. सगळं मिळून आमचं पाऊणशे कमी आठशे जीबी भरलं.

खरं काम टॅगचं. फाइलीच्या आत गायक, आल्बम, प्रकार अशी माहिती लिहायची जागा असते, तिला टॅग म्हणतात. सगळी सिस्टिम त्यावर चालते. सीडी मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने उतरवल्या. ते खराब जागा पुन्हापुन्हा वाचतं. तरी अकरा सीडी वाचल्याच गेल्या नाहीत, मुलामा उडाला होता. आपोआप येणारी नावं बघून मी कपाळाला हात लावला. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, हे तीन वेगळे गायक झाले होते. मालकंस आणि मालकौंस हे दोन राग. बागेश्री आणि बागेश्वरी दोन. मियाँ की तोडी चार प्रकारे. जिथे आडनाव पुढे घेऊन क्रम लावला होता तिथे कुमार गंधर्व आणि सवाई गंधर्व हे दोघे 'गंधर्व' या आडनावाखाली शेजारी शेजारी बसले होते. गंधर्व ही पदवी. कुमारजी कोमकळी, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. असला क्रम आपल्याला काय कामाचा!

मी एमपी३टॅग हे टॅग लिहायचं सॉफ्टवेअर उघडून वही मांडीवर घेतली आणि बसले. रागांची नावं अण्णांनी जशी लिहिली तशीच, दुसरं रूप नाही. लिरियनमध्ये एकाच फाइलीला अनेक 'प्रकार' देता येतात, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. तोडीच्या ख्यालाला तीन प्रकार: ख्याल, राग तोडी, सकाळ. यमनच्या ख्यालाला: ख्याल, राग यमन, रात्र पहिला प्रहर. पडद्यावर 'प्रकार' उघडलं की अण्णांच्या वहीची पानं समोर येतात. चीज मी शीर्षकात घातली, ताल टिपणीत, आणि "कुठून मिळालं" हा रकाना तसाच्या तसा शेऱ्यात. लिरियनमध्ये क्रम लावताना इंग्रजीतला 'द' किंवा स्पॅनिशमधला 'एल' असे शब्द वगळायची चौकट आहे. तिच्यात मी पंडित, उस्ताद, विदुषी हे शब्द भरले. म्हणजे मान राहतो आणि सगळे 'प'मध्ये कोंबले जात नाहीत.

कॅसेटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त मिळवलं किंवा घालवलं जातं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली असते आणि त्या डेकचं हेड टेपशी किंचित वेगळ्या कोनात असतं. आपल्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर मरतात, गाणं घोंगडीआडून आल्यासारखं ऐकू येतं. हेडच्या बाजूला बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, हेडफोन लावून, घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने तो केसभर फिरवायचा. मी कान गवयाकडे न देता तंबोऱ्याकडे देते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत असतं, ते नेमक्या जागी सरकलं की जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खुलते आणि तारेतून स्वरांचा झोत निघतो. स्क्रू फिरवताना अगदी तसंच होतं. आधी तारा नुसत्या टण् वाजतात, मग फिरवता फिरवता एका बिंदूला जवारी एकदम उघडते, आणि आणखी केसभर पुढे गेलात तर पुन्हा मिटते. तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला, दोन्ही बाजूंना. दिवसाला दोन कॅसेट धरल्या तर सहाशे वीसांना दहा महिने लागतात, मला अकरा लागले.

खरखर काढायची सॉफ्टवेअरं मिळतात. मी वापरून पाहिली आणि सोडून दिली. खरखरीबरोबर ती जवारी खातात. आता कॅसेटची सूं आमच्या घरात आहे तशी आहे, दोन मिनिटांत कान ती बाजूला टाकतो. ७८ च्या तबकड्यांना मी हात लावला नाही. त्यांची खाच एलपीपेक्षा रुंद, सुईही रुंद लागते, एलपीच्या सुईवर लावल्या तर ऐकायला वाईट आणि तबकडीलाही वाईट. त्या जाणकाराकडून उतरवून घेतल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी जेमतेम तीन मिनिटांची आहे, आणि तिच्या शेजारी आजच्या सीडीवरचा पन्नास मिनिटांचा ख्याल. दोन्हींच्या आवाजाच्या पातळीत जमीन-अस्मानाचा फरक. रीप्लेगेन ही पातळी सारखी करणारी सोय चालू केली की तो मिटतो, आईला मध्येच उठून आवाज कमी-जास्त करावा लागत नाही. विलंबित आणि द्रुत सलग वाजत असतील तर आल्बमची पातळी, सुटे तुकडे असतील तर ट्रॅकची, हे लिरियन स्वतः ठरवतं.

स्पीकर निवडताना मला आमच्या गावाचा उपयोग झाला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. सतारमेकरांच्या गल्लीतले अण्णांचे एक जुने स्नेही आहेत, हयात जवारी काढण्यात गेली. त्यांना मी घरी बोलावलं. मित्रांकडून दोन जोड्या मागून आणल्या होत्या, एक हे व्हार्फडेल आणि दुसरे उंच, जमिनीवर उभे राहणारे, दुप्पट किमतीचे. काळी एक या स्वरात मिळवलेल्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलं. त्यातला षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. मला वाटत होतं, पाच इंची वूफरला खर्ज झेपणार नाही. काकांनी डोळे मिटून दोन्ही ऐकले आणि म्हणाले, "मोठ्यात खर्ज दिसतो, पण जोडीच्या मधल्या तारा गेल्यात. छोट्यात चारी तारा वेगळ्या मोजता येतात." मग लक्षात आलं, खर्जाच्या तारेत मूळ स्वरापेक्षा त्याचे वरचे उपस्वरच जास्त बोलतात, तंबोरा भरतो तो त्यांच्यामुळे. छोटे स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणून ठेवले आणि विषय संपला. तुमच्या घरी पखवाज किंवा ऑर्गन जास्त वाजत असेल तर निर्णय उलटा येऊ शकतो.

उणिवाही सांगायला हव्यात. लिरियन बसवायला वाचन लागतं. भाचा नसता तर मला एक शनिवार-रविवार पुरला नसता. मेनू इंग्रजीत आहेत. त्याचा मूळ पडदा जुनाट दिसतो. मटेरियल स्किन नावाची जोड घातली की तो नीटनेटका होतो, आणि ती पहिल्या दिवशीच घालावी. एखाद्या फाइलीचा टॅग बदलला की संग्रह पुन्हा तपासायला सांगावं लागतं, तोवर जुनंच नाव दिसतं. आमची सतरा हजारांवर फाइली आहेत. पहिली तपासणी पाऊण तास चालली, नंतरच्या काही मिनिटांत होतात. आणि बॅकअप तुमची तुम्हालाच करावी लागते. मी दोन टीबीच्या डिस्कवर दुसरी प्रत करून ती बहिणीकडे कोल्हापूरला ठेवली आहे, पाडव्याला आणि दिवाळीला ती येते तेव्हा डिस्क घेऊन येते आणि नवी भर घालून परत नेते. घरातल्या घरात दोन प्रती ठेवून कृष्णेच्या पुराच्या या भागात काही अर्थ नाही.

आईसाठी मी जुना टॅबलेट स्टँडवर बसवला. मटेरियलच्या आवडत्या यादीत पाचच चौकोन ठेवले: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. अक्षर मोठं, देवनागरी. एका चौकोनावर बोट ठेवलं की त्या वेळेच्या रागांतून काहीतरी लागतं. पहाटे साडेपाचला गजर लावला आहे, त्याला भटियार, ललत, रामकली यांतलं काहीतरी हळू आवाजात सुरू होतं. पहिले आठ दिवस ती बोट ठेवायला बिचकत होती. आता मी बाजारातून आले की कुठला तरी राग घरात चालू असतो आणि टॅबलेटवर पिठाची बोटं उमटलेली असतात.

छत्तीस कॅसेट अजून बाकी आहेत. त्यांची नोंद वहीत सापडत नाही, वर नुसती तारीख, किंवा तीही नाही. त्या मी 'अनोळखी' या प्रकारात घातल्या आहेत आणि रोज संध्याकाळी एक लावते. गेल्या मंगळवारी एक बाई गात होत्या, मी मालकंस समजून लिहायला घेतलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "निषाद ऐक ना. शुद्ध आहे. चंद्रकंस तो." पुन्हा लावून ऐकलं. शुद्धच होता, मालकंसात तो कोमल असतो. राग चंद्रकंस, रात्र तिसरा प्रहर, असं लिहिलं आणि वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शाईने नोंद केली. गायिकेचं नाव आईला अजून आठवत नाही. उद्या बाजू बदलून लावायची आहे.